हेरॉल्डला रंग दिला

बिभीषण ड्रायव्हरचं घर विचारलं तर पाथर्डीत कुणीही सांगेल, "ती म्हातारी गाडी उभीय ना, तेच." गाडी स्टँडर्ड हेरॉल्ड. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. आताची पोरं विचारतात, "आजोबा, ही कोणती मारुती?" त्यावर बिभीषण जे बोलायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गाडी मूळची शेवगावच्या एका डॉक्टरांची आणि बिभीषण त्यांचा ड्रायव्हर. डॉक्टर थकले, मुलं परदेशी गेली. तेव्हा त्यांनी चावी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "हिला भंगारात जाऊ देऊ नकोस." झालं! त्या एका शब्दापायी या माणसानं उभी हयात घालवली. पार्ट मिळेनात, तर लेथवाल्याकडून बूश घडवून घेतले. पाण्याचा पंप दुसऱ्याच गाडीचा आणून बसवला. रोज सकाळी फडक्यानं पुसायची, आठवड्यातून एकदा बसस्टँडपर्यंत फिरवून आणायची. बायको कडूबाई म्हणायची, "माझ्यावर एवढा जीव लावला असता, तर मी अजून पंचविशीत दिसले असते!"

पण गुडघे कुणाला चुकलेत? सत्तरी उलटली आणि क्लच दाबवेना. मुलगा आदिनाथ काही वाईट नव्हे, पण गाडीच्या जागेवर त्याला दुकान काढायचं होतं. भंगारवाला दोनदा चक्कर मारून गेला. दुसऱ्यांदा तर त्यानं पत्र्यावर टिचकी मारून पाहिली. बिभीषणला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शेवटी आदिनाथनंच शक्कल काढली. मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक ग्रुप होता, तिथं त्यानं फोटो टाकले. चौथ्या दिवशी पुण्याहून जहागीरदार नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडं आधीच एक हेरॉल्ड होती.

"काका, रंग डॉक्टरांच्या वेळचाच आहे ना? सीटसुद्धा? मग गाडी आहे तशीच राहू द्या. कशालाही हात लावू नका. मी चालवीन तिला, जपीन."

फोन ठेवला आणि बिभीषण चक्क रडला. "कडू, पोरीला चांगलं घर मिळालं गं!"

आणि इथंच सगळं मुसळ केरात गेलं. आपल्याकडं सोयरीक जमली की मुलाकडचे म्हणतातच, "आम्हाला काही नको, नारळ आणि मुलगी द्या." म्हणून कुणी मुलीला नेसत्या लुगड्यावर पाठवतं काय? ज्याला लाज आहे तो आपल्या मनानं करतो. बिभीषण तर दोन पोरी उजवलेला बाप. आदिनाथ म्हणाला, "दादा, ते हात लावू नका म्हणालेत."

"मोठी मानसं असंच म्हनत्यात. आपुन समजून घ्यायचं असतं."

रतनबाईची, म्हणजे थोरल्या लेकीची पाठवणी केली तेव्हाही त्याला एवढी घाई झाली नसेल. कानिफनाथ पेंटरला बोलावलं. त्यानं तो जुना, उन्हानं विटलेला आभाळी रंग पार पत्र्यापर्यंत घासून काढला, खड्ड्यांत लांबी भरली आणि लालभडक रंग मारला. सीटचं जुनं रेक्झिन फाडून टाकलं, नवी मखमली कव्हरं चढवली. डॉक्टरांचं लाल क्रॉसचं चिन्ह काचेवरून खरवडलं. डागाळलेला जुना मीटरसुद्धा बदलला आणि जुना भंगारवाल्याच्या पोत्यात गेला.

पंधरा दिवसांनी जहागीरदार आले. कडूबाईनं गाडीला हळदकुंकू लावलं होतं, बोनेटवर झेंडूचा हार होता. बिभीषण नवा सदरा घालून उभा. पाहुणे गाडीभोवती एक चक्कर फिरले, दाराला बोट लावलं आणि ओट्यावर मटकन बसले.

"काका, जुना रंग?"

"घासून काढला की! सुताइतका ठिवला न्हाई."

मग जहागीरदारांनी हळू आवाजात समजावलं. रंगवलेल्या हेरॉल्ड त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. कंपनीच्या मूळ रंगात, मूळ सीटसकट राहिलेली ही एकच. "नवा रंग कधीही देता येतो, काका. पन्नास वर्षांचा जुना रंग मी कुठून आणू?"

"मग निळा देतो ना! उद्याच देतो. कानिफनाथ हितंच ऱ्हातो."

जहागीरदारांनी मान खाली घातली. माणूस भला, रागावलाही नाही. राग आला असता तर बरं, भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, "अख्खी गाडी मी आता घेऊ शकत नाही. माझ्या गाडीला गिअरबॉक्स हवाय, बोनेट हवंय, काचा हव्यात. तेवढं नेतो. तुमच्या हेरॉल्डमुळं दुसरी हेरॉल्ड चालेल."

म्हणजे उरलेला सांगाडा भंगारवाल्याचा, हे सांगायला नको होतं.

बिभीषणनं आदिनाथकडं पाहिलं, कडूबाईकडं पाहिलं. डॉक्टरांना जाऊन बारा वर्षं झाली होती, माफी तरी कुणाची मागायची? "न्या," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला, बरोबर पुण्याचा मेकॅनिक. बिभीषण घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. बाहेर हातोडीचे घाव सुरू झाले. बोनेटच्या बिजागरीचा बोल्ट सुटत नव्हता आणि मेकॅनिक तो तोडायला निघाला होता. तीन घाव बिभीषणनं ऐकले. चौथ्याला उठला, भिंत धरत धरत बाहेर आला.

"आरं, मारू नको. ती तशी न्हाई सुटायची. आन पाना हिकडं."

कडूबाईनं खाली पोतं अंथरलं. गुडघ्यांचे हाल करीत तो गाडीखाली सरकला. दुपारपर्यंत त्यानं स्वतःच्या हातानं हेरॉल्ड खोलून दिली, आणि एकही बोल्ट तुटू दिला नाही.