दोन कप चहाचा पुरावा

ती घटना आजही डोक्यातून जात नाही. लिहावी की नाही, याच विचारात बरेच दिवस गेले.

कांदिवलीच्या ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कागदावर माझा फार विश्वास. एक निनावी अर्ज चौकशीला आला. वस्तीतली एक विधवा बाई सव्वीस वर्षांच्या धडधाकट मुलाला मतिमंद दाखवून सरकारी अनुदान घेते, अशी तक्रार होती.

दोघांना बोलावलं. मुलगा आईचा पदर धरून बसला. नाव विचारलं, गप्प. वय विचारलं, गप्प. आई शिकवून आणते, असा मला संशय आला. तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मुलाला मागच्या खोलीतल्या शेगडीपाशी नेलं.

"चहा येतो का रे करायला?"

तो लगेच उठला. कपाने पाणी मोजलं, आलं ठेचलं, उकळी येताच गॅस बंद केला.

हवालदार हसले, "साहेब, आपल्या कँटीनपेक्षा झकास! गावला ना!"

चहा दोनच कप झाला. खोलीत आम्ही पाच जण होतो. आमच्याकडे न बघता दोन्ही कप घेऊन तो बाहेर आईपाशी गेला. हे मी अहवालात लिहिलं नाही. 'सदर इसम स्वतःची कामे करू शकतो,' एवढंच लिहिलं.

जबाबावर अंगठा देताना बाई म्हणाली, "सात वर्सां लागली ओ हेका चाय शिकवूक. मी मेल्यार हेका कोण देतलो?"

अनुदान बंद झालं. बाईचं ते वाक्य मनातून जाईना, म्हणून मी दुरुस्तीचा अहवाल पाठवला, पण फाइल फेरतपासणीत अडकली ती अडकलीच.

निवृत्तीनंतर त्यांच्या घरी गेलो. मला बघताच मुलगा उठू लागला. आईने त्याचा हात धरून खाली बसवलं.

"बस रे. साहेब इले हत."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शिकवणां बंद केलंय. होता तांय इसारलो. आता लिवा, हेका कायच येणा नाय. आता तां खरां आसा."

तपासात खोटं कसं पकडायचं, ते मला येत होतं. पण ठाण्यात त्या दिवशी त्या मुलाला काय येत नाही, हे मी एकदाही विचारलं नाही. आणि आता माझ्या सहीला किंमत नव्हती.