बघायला गेलेली मुलगी

मखमलाबादच्या भिमाजींची मनीषा हाताबाहेर गेली होती, आणि तीही पाखरांपायी! आठवडाभर टायपिंगच्या क्लासात शिकवायची, मळ्यात सांगाल तेवढा झेंडू तोडून द्यायची. पण रविवार उजाडला की गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षिमित्रांच्या टोळक्याबरोबर नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर हजर. स्थळं येत, पोहे खात, आणि ही मान वर करून विचारी, "लग्नानंतर रविवारी पाखरं बघायला जाऊ द्याल ना?" पाहुणे चहासुद्धा न घेता उठत.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात सटाण्याचं स्थळ आलं. मुलगा हर्षल, नोकरीला नाशकातच. भिमाजींनी लेकीला बजावलं, "या खेपेला रविवारचं नाव काढशील तर बघ!" मनीषानं मान डोलावली. पाहुणे रविवारी संध्याकाळी येणार होते, म्हणून ती पहिल्या एसटीनं सटकली. परत येऊन साडी नेसायला वेळच वेळ होता.

पण पाहुणे सकाळीच दारात! परतताना अंधार नको म्हणून लवकर निघाले होते. जीपमधून हर्षल उतरला, त्याची आई चिमणाबाई उतरली. मनीषाच्या आईची, नवसाबाईंची, पाचावर धारण बसली. "मुलगी कुठंय?" असं विचारताच त्या माउलीच्या तोंडून खरं तेच निसटलं, "ती बघायला गेलीय."

"बघायला?" चिमणाबाईंनी कपाळाला हात लावला. "आमी इकडं आलो, अन् ती पोराला बघायला सटाण्याला गेली?"

उलगडा करता करता भिमाजींना घाम फुटला. चिमणाबाई मात्र उठल्या. "पोरगी पाखरं बघते? मग ती कसली पाखरं, ते मी बघते. चला!" सगळे जीपमध्ये कोंबले गेले.

मनीषा निरीक्षणाच्या मनोऱ्यावर होती. डोक्यावर टोपी, चिखलानं भरलेली सलवार. बापाला पाहताच तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला," ती पुटपुटली, "पाखरं उडतील." मग काय, बघण्याचा कार्यक्रम कुजबुजतच सुरू झाला. शिक्षण किती, कुजबुजत. भाकरी येते का, तेही कुजबुजत. टोळक्यातली मंडळी तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

हर्षलनं तिवईवरच्या टेलिस्कोपला डोळा लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "फार छान दिसतंय." मनीषानं हळूच पुढं होऊन भिंगावरचं झाकण काढलं. दोघंही फिस्सकन हसले.

आवडला की तिला! आणि म्हणूनच छाती धडधडायला लागली. नावडत्याचा नकार तिनं चहाबरोबर पचवला असता. याच्या तोंडून तो ऐकायचा म्हणजे कठीण होतं. पण रविवार सोडून नांदायचं कसं? भिमाजी डोळे वटारत राहिले आणि तिनं विचारून टाकलं.

हर्षलनं आईकडं पाहिलं. तोवर टेलिस्कोप आईनं बळकावला होता, आणि आनंदानं तिची घरची बोली बाहेर पडली होती. "वं माय! हाई चोच शे का पळी? पिठलं ढवळी राह्यना जसं!"

"चमचा म्हणतात त्या पाखराला," मनीषा म्हणाली. "चोचीनं पाणी ढवळून मासे शोधतो."

चिमणाबाईंनी टेलिस्कोपवरून डोळा काढला नाही. मग हलकेच म्हणाल्या, "रविवारचं इचारती ना तू? मला एकदा लोक बघायला आले होते. तवापासून मी कुठं काय बघायला गेले नाय, पोरी." त्यांनी नाक ओढलं. "तू जाशील. पण मला सोडून गेलीस तर याद राख!"

मनीषाला रडू आणि हसू एकदमच फुटलं. तिनं भर मनोऱ्यावर होकार दिला, तो बघायला गेलं तर सासूलाच. हर्षलचं मत विचारायचं राहूनच गेलं. तो आईच्या मागं टेलिस्कोपच्या रांगेत उभा होता.