नीलमणीच्या घरट्यावरची डहाळी

नीलमणीचा एक तरी स्वच्छ फोटो काढायचाच, या हट्टाने मे महिन्यात पुण्याहून एकटीच गाडी काढली. फोंडा घाट ठीक आहे. कसालला हायवे सोडला की रस्ता इतका अरुंद, की समोरून गाडी आली तर एकीने मागे जायचं. आबांच्या घरी उतरले. जेवणासकट खोलीचे बाराशे. सकाळी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. मी पाच आंबोळ्या हाणल्या.

साठीचे आबा गावच्या देवळाचे मानकरी. दुपारी त्यांनी मला देवराईत नेलं. नीलमणी म्हणजे चिमणीएवढा निळा पक्षी, गर्द सावलीत उडते किडे टिपणारा. त्याचं वाटीसारखं घरटं माझ्या खांद्याच्या उंचीवर, पानांआड होतं. आत तीन उघड्या चोची.

"फोटो होये तितके काढा, ताई," आबा म्हणाले, "पण पानाक हात लावू नकात. देवाची राय आसा. हयली वाळकी काटकीसुद्धा आमी घराक नेणव नाय."

मी मान डोलावली. आबा देवाच्या पाया पडायला गेले. पानं सारखी मध्ये येत होती. बाजूला सारली, पुन्हा आली. मग वीतभर डहाळी मोडलीच आणि पाचोळ्यात ढकलली. नर पक्षी चोचीत किडा घेऊन आला, आणि हवा तो फोटो मिळाला.

संध्याकाळी आबांनी तो पाहिला. "इतको साफ कसो इलो? माका धाडा, नातवाक दाखवतलंय."

"लेन्स चांगली आहे. पाठवते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांसोबत पुन्हा गेले, तर घरटं रिकामं होतं. पिल्लं कावळ्याने नेली की भारद्वाजाने, कोण जाणे. नीलमणीची जोडी चोचीत किडे घेऊन तिथेच घिरट्या घालत होती. आबांनी वाकून पाचोळ्यातली डहाळी उचलली. पानं अजून हिरवी होती.

"आबा, मी..." ते डहाळी घेऊन देवळाकडे चालू लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

देवळात त्यांनी डहाळी देवापुढे ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या रायेत आमच्या हातसून चूक झाली आसा, ती पदरात घे रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला सोबतच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. सोबत मी एकटीच होते. लाजेने मान वर होईना, तरी म्हटलं. डहाळी मी मोडली होती, आणि माफी मागताना आबा माझ्या शेजारी हात जोडून उभे होते.

निघताना आबांच्या बायकोने, काकींनी, गाडीत फणसाचे गरे ठेवले. ते घाटापर्यंत मला खाववले नाहीत.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. फोटोही इथे टाकलेला नाही. मी आजवर काढलेला तो सगळ्यात सुंदर फोटो आहे, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात मोडलेल्या डहाळीचं पांढरं टोक दिसतं. आबांना तो पाठवायचं कबूल केलं होतं. अजून पाठवलेला नाही. त्यांनीही पुन्हा मागितला नाही.