पाया पडायचं नाही

कांचघर मोहल्ल्यातल्या अश्वजीत सरांइतका हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. घरीच गणिताची शिकवणी. पहिल्याच दिवशी पोरांना दम भरायचे, "जय भीम म्हणा, नमस्ते म्हणा, पण माझ्या पाया पडायचं नाही."

त्यांचं स्वतःचं वाकणं केव्हाच थांबलं होतं. पंचविशीत मणक्यांचा संधिवात जडला, पंधरा वर्षांत पाठ आणि मान पार आखडून गेली. स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. दुखलं की दुकानातून गोळी आणायची, डॉक्टरचं नाव काढायचं नाही. चपला घट्ट झाल्या तेव्हा दुकानदारालाच शिव्या घालून मोठ्या नंबरच्या आणल्या. घ्या आता!

मग पायल आली. नवी पोरगी, नियम माहीत नव्हता. वाकली, तोल गेला, अंगठा सरांच्या पावलात रुतला. सर ओरडणार, तोच ती म्हणाली, "सर, आपके पैर में गड्ढा पड़ गया!"

शेवटी दवाखाना गाठावाच लागला. डॉक्टरांनी सुईनं किडनीचा कण काढून तपासला. मणक्यांची सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली, तिच्यापायी एक प्रथिन किडनीत साचलं होतं, म्हणून अंगातली बाकी प्रथिनं लघवीतून वाहून जात होती आणि पाय सुजत होते. क्वचितच होतं असं, पण झालं होतं. सूज आवरली नाही तर डायलिसिस ठरलेलं.

"लघवीला फेस येऊन राहिला होता, तर काहून नाही सांगितलं मले?" बायको ज्योती रडतच कडाडली.

"मले वाटलं, फिनाईलचा फेस आहे."

दोन दिवस सर भिंतीकडे बघत बसले. भ्याले होते, खोटं कशाला बोलायचं! तिसऱ्या दिवशी उठून म्हणाले, "डायलिसिसवर जायचं नाही मले. सांग, काय काय करायचं." मनानं गोळ्या खाणं बंद. इंजेक्शन ठरल्या तारखेला. भाजीत मीठ नावाला.

पाया न पडायचा नियम मात्र तोच. शिकवणीआधी सर पाय स्टुलावर ठेवायचे, ज्योती शेजारी बसून अंगठा दाबायची, आणि खड्डा भरेपर्यंत पोरं मोठ्यानं आकडे मोजायची. सुरुवातीला चाळीसपर्यंत जायचे. लघवीतली प्रथिनं उतरत गेली, तसे आकडेही.

आठव्या महिन्यात एका सकाळी ज्योतीनं अंगठा उचलला आणि पोरं गप्पच.

"मोजा ना रे!" सर खेकसले.

"क्या गिनें, सर?" पायल म्हणाली. "गड्ढा पड़ा ही नहीं."

ज्योतीनं पुन्हा दाबून बघितलं. नाहीच. सरांना मान खाली घालता येत नव्हती, त्यामुळे त्यांचे भरलेले डोळे सगळ्या पोरांनी पाहिले.

"चलो, वह्या काढा," ते म्हणाले.