पूर्वेचा बुरूज

नासिरचाचा गेल्या पावसाळ्यापासून किल्ल्यावर येत नाहीत. गावात म्हणतात, त्यांचे गुडघे गेले. गुडघे ठणठणीत आहेत. त्यांचं मन आम्ही मोडलं, आणि ‘आम्ही’ म्हणजे मुख्यतः मी.

चांदूर बाजारच्या अलीकडचा आमचा किल्ला म्हणजे उकिरडा झाला होता. आम्ही पाच-सहा मास्तर आणि दुकानदार दर रविवारी कोयते घेऊन झुडपं तोडायचो, फोटो काढायचो आणि घरी जाऊन झोपायचो. खरं काम एकट्या नासिरचाचांना येत होतं. जातिवंत गवंडी. चुन्याचं काम वडिलांकडून शिकलेले, पण जन्मभर सिमेंटची घरं बांधून पोट भरलेलं. पूर्वेचा बुरूज ढासळत होता. त्यावर त्यांनी म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

“याले चुनाच पायजे,” म्हणाले.

चुना महिनाभर भिजवायचा, बेलफळाचं पाणी घालून मळायचा, एक थर वाळला की मगच दुसरा. सत्तरीत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे वडिलांचं काम मागितलं होतं. हातातली कामं सोडून माणूस दोन महिने तिथंच होता. इतकं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आमचं ठरलं, सव्वीस जानेवारीला बुरुजावर झेंडा लावायचा, मोठे पाहुणे बोलवायचे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! अर्धा बुरूज बाकी होता. मी म्हणालो, “चाचा, उरलेलं सिमेंटनं भरून टाका.”

“मास्तर, सिमेंटात पाणी कोंडते. भित आतून फुगन.”

“पत्रिका वाटून झाल्या हो. एवढ्या वेळी ऐका.”

ते बराच वेळ थापीवरचा चुना खरवडत राहिले. मग “तुमी शिकेल मानसं,” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं सिमेंट भरलं.

कार्यक्रम झकास झाला. चाचांना शाल दिली, माझं भाषणही झालं.

जुलैत तीन दिवस झड लागली आणि बुरूज बसला. मी धावत पोचलो, तर चाचा भिजत ढिगाऱ्यापाशी उभे. चुन्यात बसवलेले दगड पडूनही एकमेकांना धरून होते. सिमेंटचे सगळे सुटे. म्हणालो, “चाचा, चूक माझी आहे. मला माफ करा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुमाले मालूम नवतं, मास्तर. मले मालूम होतं.”