बायकोचा डॅनिश खापरपणजोबा

लोकांना जिवंत माणसांचा हेवा वाटतो, मला एका मेलेल्याचा वाटायचा. तो माझ्या बायकोचा खापरपणजोबा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कधीतरी डेन्मार्कहून जहाजावर सुतार म्हणून निघाला, मुंबईला उतरला आणि वसईत लग्न करून राहिला, एवढंच तिच्या माहेरी ठाऊक होतं. बाकी त्याची निशाणी म्हणजे तिचे घारे डोळे.

ऐंशीच्या सुमाराला आम्ही बहरीनला झिंजमध्ये दोन खोल्यांत राहत होतो. मी एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये, ती सलमानिया हॉस्पिटलात नर्स. तिच्या वॉर्डात पाय मोडून पडलेला एक डॅनिश इंजिनियर त्या डोळ्यांपाशी अडकला. गोदीत जहाजं दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, विधुर. "सिस्टर, हे डोळे आमच्याकडचे आहेत," म्हणाला. झालं. बाई घरी आली तेव्हा तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

त्याची बहीण तिकडे चर्चच्या जुन्या नोंदी चाळून खापरपणजोबाचं गाव शोधायला लागली, आणि हा बरा होऊन दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायला लागला. बातमी आणायची ती चिमूटभर. गाव समुद्राकाठी आहे. बाप शिडं शिवायचा. एवढ्यावर बायको मला सकाळीच हमूर आणायला बाजारात पिटाळायची, आणि त्या माशाचं डोकं, जे लग्न झाल्यापासून माझ्या ताटात पडत आलं होतं, ते त्याच्या ताटात जायचं. त्याला ते खाताही येत नव्हतं. ती शेजारी बसून काटे कसे काढायचे ते शिकवायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मुलगी तर शाळेत सांगून आली. "पप्पा, आय ॲम पार्ट डॅनिश."

"आणि उरलेली?" मी विचारलं.

"नॉर्मल," ती म्हणाली.

त्या नॉर्मलमध्ये मी होतो. माझ्याकडे दाखवायला काय होतं? आजोबा केळी लावायचे. त्यांच्या वडिलांचं नाव आमच्या घरात कुणाला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही माळ हातात घेऊन रोझरी म्हणायचो. शेवटी घरातल्या मेलेल्यांसाठी प्रत्येकी एक 'आमच्या बापा' ही प्रार्थना. आधी नवऱ्याकडचे, मग माहेरचे, अशी आमच्या घरची रीत. एकदा तिने माझ्या आजोबांच्या आधी त्या सुताराचं नाव घेतलं.

"रांग आहे," मी म्हटलं.

"तो जुना आहे," ती डोळे न उघडताच म्हणाली.

मेलेल्यांच्या रांगेतसुद्धा गोरा माणूस पुढे घुसला, आणि त्याच्या पुढे उभा करायला माझ्याकडे कुणी नव्हतं. त्या दिवशी मी जळून खाक झालो. जेवलोही नाही नीट.

पुढे एका शुक्रवारी इंजिनियर आला. जेवण होईपर्यंत थांबला आणि मग तिला हळू आवाजात सांगितलं. बहिणीला कुटुंब सापडलं होतं. सुतार गाव सोडून निघाला तेव्हा त्याला बायको होती, दोन मुलं होती. ती त्याची वाट बघत म्हातारी झाली. तिला पुरलं त्या दिवशीही चर्चने तिची नोंद सुताराची बायको म्हणूनच केली होती, विधवा म्हणून नाही.

खरं सांगतो, मला आनंद झाला. चेहरा पाडून मी पाहुण्याला आणखी भात वाढला.

त्या संध्याकाळी रोझरीत माझे आजोबा पहिले आले. सुतार आलाच नाही. "तो खलास," ती म्हणाली, आणि त्याच्या जागी तिने त्या पहिल्या बायकोसाठी 'आमच्या बापा' सुरू केलं. मी मोठ्या आवाजात साथ दिली. कितीतरी महिन्यांनी घर माझं वाटत होतं.

प्रार्थना संपली, मुलगी आत गेली, तरी ती उठली नाही. लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी बहरीनला एकटा होतो आणि ती वसईत माझ्या आईपाशी. त्या वर्षांबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

"तू इथे एकटा होतास ना," ती म्हणाली, "तेव्हा संध्याकाळी कुठे जायचास?"

"कुठे जाणार? रूमवर. सहा जण होतो एका खोलीत. विचार कुणालाही."

"कुणाला विचारू?"

मी तोंड उघडलं आणि आठवायला लागलो. दोघे दुबईला गेले होते, बाकीचे कायमचे घरी परतले होते. मी काहीही केलेलं नव्हतं, पण माझ्या बाजूने बोलायला त्यांतला एकही बहरीनमध्ये उरला नव्हता.