मिरचीच्या दिवसांतला डोळा

गेल्या उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायला ब्याडगी मिरची घरात आली आणि माझा डावा डोळा लाल झाला. त्याच्या आधीच्या वर्षीही त्याच दिवसांत झाला होता. कानडी मुलखात, केशवापूरला दोघा भावांचं आमचं एकत्र घर. मिरच्या वाळवणं, देठं खुडणं हे आम्हा दोघी जावांचं काम.

थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. आमच्या ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, "घरात मिरची आली की हिचे डोळे येतात."

मी देठं खुडत राहिले. मला वेळेवर बोलणं सुचत नाही. पण डोळे येतात तेव्हा ते चिकटतात. हा चिकटत नव्हता, आतून ठणकत होता, उजेड सोसत नव्हता. कामचुकारपणा करायला मीच डोळ्याला मिरचीचा हात लावून घेतला, असं अक्का शेजारी सांगत होत्या. मला वाटायचं, त्यांनीच माझ्या टॉवेलला मिरचीचे हात पुसले असतील. टॉवेल मी ट्रंकेत ठेवू लागले.

मग त्या डोळ्याने माणसांचे चेहरे धुरकट दिसू लागले. ह्यांना दुकान सोडता येईना, म्हणून अक्काच दवाखान्यात माझ्याबरोबर आल्या.

डॉक्टरीणबाई कानडीत विचारायच्या, माझ्याऐवजी अक्का उत्तरं द्यायच्या. मशीनमधून बराच वेळ डोळा पाहून बाईंनी मलाच विचारलं, सकाळी उठताना कंबर आखडते का? हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते का?

पहाटे मी भिंत धरून उठते, हे कुणालाही सांगितलं नव्हतं. अक्कांनी मला तसं उठताना पाहिलं असेल, आणि मी बाहेर नावाची चिठ्ठी काढत होते तेव्हा त्या आत येऊन सांगून गेल्या असतील, असं मनात आलं. मी मानेनेच हो म्हटलं.

"कंबर कसली," अक्का म्हणाल्या. "उशिरा उठते, एवढंच."

बाईंनी शांतपणे समजावलं. डोळा आणि कंबर, दुखणं एकच. शरीर आपल्याच अंगावर उठतं. हे पुरुषांत जास्त दिसतं, म्हणून बायकांच्या कंबरेकडे कुणी लक्ष देत नाही. गेल्या वर्षीही हेच झालं होतं, तेव्हा आत चिकटलेली डोळ्याची बाहुली अजून सुटलेली नाही. आणखी उशीर झाला तर नजर जाईल.

"म्हणजे हिने लावून घेतलं नाही?" अक्कांनी विचारलं.

"मिरचीने असं होत नाही."

रिक्षाने आम्ही दोघी घरी आलो.

तासातासाला थेंब घालायचे होते. मला स्वतःला जमेनात. अक्का बाटली घेऊन आल्या. त्यांचा हात जवळ येताच मी डोळा गच्च मिटला.

त्या थांबल्या. मग बोटं माझ्या नाकाशी धरली. "साबणाने धुतलेत. हुंग, आणि मग उघड."

मी हुंगलं. मग डोळा उघडला.

नजर बरीच परत आली, पूर्ण नाही. थेंब संपेपर्यंत अक्काच घालत होत्या, आणि दर वेळी मी आधी त्यांची बोटं हुंगत होते. त्याही न सांगता ती पुढे करायच्या.